डोंगरउतारावर घर, समोर समुद्र: डिझाइनमध्ये काय काय बघू?

सागरवाट
नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसतं वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. समुद्रासमोरच्या डोंगरउतारावर एक प्लॉट घेतलाय, तिथे घर बांधायचंय, सुट्टीपुरतं नाही तर कायमचं राहायला. रस्ता प्लॉटच्या वरच्या अंगाला आहे, तिथून जमीन खाली उतरत जाते, तीन मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली असा साधारण उतार, मग झाडी, मग खडक आणि मग पाणी. समुद्र सरळ पश्चिमेला. समुद्रसपाटीपासून उंची 50 मीटरच्या आसपास, आणि वर जाऊन उभं राहिलं की काही बोलावंसंच वाटत नाही.

आर्किटेक्टने पहिली थ्रीडी चित्रं दिलीत, ती मापांसकट सोबत जोडलीत. दोन मजले, वर रस्त्याच्या पातळीला हॉल आणि किचन, खाली डोंगरात शिरलेल्या तीन बेडरूम, सपाट छत, पश्चिमेची 12 मीटरची अख्खी भिंत खालपासून वरपर्यंत काच, पुढे अधांतरी डेक आणि डेकच्या कडेला इन्फिनिटी पूल, म्हणजे एका कडेवरून पाणी सांडत राहणारा. चित्रात फार सुंदर दिसतंय. पण घरात माझी आई असणारे, वय 71, गुडघे दुखतात तिचे, आणि हे घर मला एकदाच बांधायचंय. ज्यांनी अशा जागी बांधलंय, जे राहतात, किंवा ज्यांचं हे कामच आहे त्यांनी कृपया सांगा, डिझाइन फायनल करायच्या आधी काय विचारू आणि काय बदलू.

शांत_वाचक
वाचतोय. आमचाही असाच विचार चाललाय त्यामुळे सगळ्यांनी सविस्तर लिहा.

मुरूम_माती
अभिनंदन. पहिला प्रश्न, माती-खडक तपासायला बोअर मारलेत का? कारण थ्रीडी आधी आणि माती नंतर असा क्रम बऱ्याच जणांचा होतो आणि मग मातीचा रिपोर्ट आला तरी कुणाला चित्र बदलवत नाही. उतारावर एका बोअरने भागत नाही, वरून खाली एका रेषेत किमान तीन तरी घ्या, आणि जिथपर्यंत कटिंग करणार त्याच्याही बरंच खाली, पक्का खडक लागून त्यात काही मीटर आत जाईपर्यंत. मला त्यातून दोन गोष्टी हव्या असतात, मुरूम आणि खडकाची वेस नक्की कुठे आहे आणि खडकाचे थर कुठल्या बाजूला कललेत. थर डोंगराच्या आत कललेले असतील तर जरा सुटकेचा श्वास घ्यायचा. पण ते समुद्राकडे कललेले असतील आणि तुम्ही बेडरूमसाठी त्यांचा पुढचा भाग कापलात तर वरच्या थराला पुढून टेकायला काहीच उरत नाही, मधे चिकणमातीचा पातळ पट्टा असला आणि तो भिजला की सगळं त्याच्यावरून घसरत येतं.

प्लॉटवर स्वतः फिरून बघण्यासारखंही पुष्कळ आहे. झाडांचे बुंधे मुळाशी वाकून मग सरळ वर गेलेत का, जमिनीत चंद्रकोरीसारख्या भेगा आहेत का, कोरड्या दिवसांतसुद्धा एखादा पट्टा हिरवागार किंवा ओला राहतो का, रस्त्याकडेचे खांब आणि जुन्या भिंती खालच्या अंगाला झुकल्यात का. तीनास एक म्हणजे 18 अंशांचा उतार, दिसायला सौम्य वाटतो, पण उतार सौम्य आहे म्हणून निश्चिंत राहू नका.

कॅलिफोर्नियात पालोस व्हर्डेसला समुद्रावरच्या डोंगरात पोर्तुगीज बेंड नावाची जुनी सरकती जमीन आहे. ती 1956 मध्ये पुन्हा हलायला लागली, वरच्या बाजूला रस्त्याच्या कामाचा भराव टाकला होता आणि घरांच्या सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरत होतं, शंभरावर घरं गेली. तिथे जवळच वेफेरर्स चॅपल म्हणून लॉइड राइटने डिझाइन केलेली काचेची अतिशय देखणी इमारत 1951 पासून उभी होती, 2024 मध्ये जमीन इतकी सरकली की ती बंद करून तुकडे सुटे करून उतरवून ठेवावी लागली. म्हणजे सत्तरच्या वर वर्षं नीट उभं असणं हा पुरावा नसतो. त्याच राज्यात ला कोंचिटाला 10 जानेवारी 2005 ला दोनेक आठवड्यांच्या पावसानंतर दरड आली, 10 माणसं गेली.

आमच्या कामात एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून घोकतात, उताराचा पाय कापू नका आणि डोकं जड करू नका. तुमच्या प्लॅनमध्ये बेडरूमसाठी मागच्या उताराचा पाय कापला जातोय आणि निघालेली माती बहुतेक वेळा पुढच्या कडेला ढकलून तिथे अंगण किंवा पूल करतात, म्हणजे खालच्या उताराचं डोकं जड. दोन्ही चुका एकाच घरात होतात त्या अशा. स्लोप स्टॅबिलिटीचं, म्हणजे उतार जागेवर टिकेल का याचं गणित करून घ्या, कायमच्या स्थितीसाठी सुरक्षेचा गुणांक साधारण 1.5 धरतात, म्हणजे धरून ठेवणारं बळ घसरवणाऱ्या बळाच्या दीडपट, आणि ते गणित जमीन पूर्ण भिजलेली आहे असं धरून केलंय ना हे नक्की विचारा.

सागरवाट
मुरूम_माती, खूप आभार. खरं सांगतो, बोअर एकच मारलाय आणि तोही वर रस्त्याजवळ, गाडी तिथेच जात होती म्हणून. खाली दोन अजून घ्यायला सांगतो. झाडांचं तुम्ही लिहिल्यावर फोटो काढून बघितले, खालच्या कोपऱ्यातली चार-पाच झाडं बुडाशी वाकलेली आहेत. आणि भिंतीमागे पाणी येईल म्हणून रिटेनिंग वॉल जाड करू असं आर्किटेक्ट म्हणतायत, ते पुरेसं आहे का?

ओळंबा
मी साइटवरचा माणूस, 22 वर्षं भिंतीच बांधतोय. जाड भिंतीने पाणी थांबत नाही हो, पाण्याला वाट दिली की पातळ भिंतसुद्धा उभी राहते. हिशोब मांडून दाखवतो. 3 मीटर उंच भिंत, मागे साधी वाळूमिश्रित कोरडी माती, तर दर मीटर लांबीला मातीचा ढकला साधारण 2.7 टन. तीच भिंत, मागे वरपर्यंत पाणी भरलं, तर माती अधिक पाणी मिळून साडेपाच टनांच्या पुढे. दुप्पट. त्यात अर्ध्याहून जास्त नुसतं पाणीच. आणि उंची दुप्पट केली की कोरड्या मातीचाच ढकला चौपट होतो, कारण तो उंचीच्या वर्गात वाढतो, म्हणून 6 मीटरची एक भिंत घालण्यापेक्षा 3-3 च्या दोन, मधे चांगलं अंतर सोडून. अंतर कमी पडलं तर वरच्या भिंतीचं ओझं खालचीवर येतं, तेव्हा इंजिनिअरकडून ते तपासून घ्या.

भिंतीमागे काय भरलं जातंय तिथे स्वतः उभं राहा. भिंतीला लागून फूटभर तरी स्वच्छ खडी, खडी आणि माती यांच्यामधे जिओटेक्स्टाइलचं कापड, जे पाणी जाऊ देतं पण माती अडवतं, तळाशी भोकांचा पाइप आणि त्या पाइपला बाहेर पडायला खरी वाट. मी कितीतरी साइटवर बघितलंय, भिंतीला वीप होल, म्हणजे पाणी निघायची भोकं, सोडलेली असतात आणि मागे खणलेलीच चिकणमाती परत लोटलेली असते, पहिल्या पावसात होल बुजतात आणि नंतर भिंत पोट काढते. एकदा भिंतीमागचा भराव झाला की आत काय आहे ते कुणालाच दिसत नाही म्हणून फोटो काढून ठेवा, रोजच्या रोज.

आणि घराच्या वर, रस्त्याच्या खाली, आडवी चर पाहिजेच, वरून येणारं पाणी घराला शिवायच्या आधीच बाजूला नेणारी. 1 चौरस मीटरवर 1 मिमी पाऊस म्हणजे 1 लिटर. तुमच्या वरचा उतार आणि रस्ता मिळून समजा 2000 चौरस मीटरचं पाणी तुमच्याकडे येत असेल आणि तासाभरात 50 मिमी पडला, तर 1 लाख लिटर. त्यातलं काही मुरेल पण भिजलेल्या जमिनीत फार मुरत नाही. म्हणजे सेकंदाला 25-28 लिटर, घराच्या मागच्या भिंतीवर. ही चर शेवटी लँडस्केपिंगमध्ये करू असं म्हणतील, ऐकू नका, ती सगळ्यात आधी खणायची.

खारा_वारा
जमिनीचं वरच्या दोघांनी सांगितलंय, मी हवेचं सांगतो. समुद्रासमोर 14 वर्षं राहतोय, किनाऱ्यापासून सरळ रेषेत शंभर-सव्वाशे मीटर.

खारं वारं काय करतं ते पहिल्या दोन वर्षांत कळत नाही, सगळं नवं असतं. तिसऱ्या वर्षी दारांच्या बिजागऱ्या गेल्या, मग स्लायडिंगचे रोलर, मग एसीचं बाहेरचं युनिट, त्याच्या पत्र्या हाताने चुरल्या की पीठ व्हायचं. सगळ्यात आश्चर्य मला याचं वाटलं की जिथे पाऊस लागतो तिथलं लोखंड बरं टिकलं आणि जिथे पाऊस पोचत नाही तिथलं, म्हणजे वळचणीखालचं, डेकच्या पोटातलं, छज्जाच्या आतलं, ते आधी गंजलं. नंतर कारण समजलं, पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचत राहतं आणि मीठ हवेतला ओलावा ओढून धरतं, म्हणजे धातू सतत ओलाच. तुमचा डेक अधांतरी आहे, त्याच्या पोटात ब्रॅकेट आणि बोल्ट असणार, तिथे हात आणि पाण्याचा पाइप पोचेल अशी सोय आत्ताच करून ठेवा. आम्ही आता महिन्यातून एकदा सगळी धातूकामं गोड्या पाण्याने धुतो, तेवढ्यानेच किती फरक पडतो सांगू.

स्टेनलेस स्टील म्हणाले की ग्रेड विचारा. 304 ला आमच्याकडे वर्षभरात चहाच्या डागांसारखे तपकिरी डाग पडले, 316 घ्या, त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाशी जास्त झगडतं, तरी धुवावं लागतंच. ॲल्युमिनिअमच्या फ्रेमला स्टीलचे स्क्रू थेट लावू देऊ नका, मधे नायलॉनचे वॉशर, नाहीतर खाऱ्या ओलीत दोन धातूंची बॅटरी होते आणि ॲल्युमिनिअम संपतं.

आणि काँक्रीट. हे मी स्वतः चुकलो. आमच्या बाल्कनीच्या स्लॅबला सळईवरचं कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, 20 मिमी पण नव्हतं, अकराव्या वर्षी खालून पोपडे सुटले, सळई दिसायला लागली. काँक्रीट अल्कधर्मी असतं म्हणून सळईवर एक संरक्षक थर धरतो, क्लोराइड आत झिरपत सळईपर्यंत पोचलं की तो थर फुटतो, गंज लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि आतूनच काँक्रीट फोडतो. दुरुस्तीला दोन महिने लागले आणि आई-वडिलांना तेवढा काळ दुसरीकडे ठेवावं लागलं, त्याची बोच अजून आहे.

ओळंबा
खारा_वारा यांच्या काँक्रीटच्या मुद्द्याला +१. समुद्रासमोर उघड्या काँक्रीटला 50 मिमी कव्हर मागा, पाणी-सिमेंट प्रमाण 0.40 च्या आसपास, सिमेंटमधला बराच भाग स्लॅग किंवा फ्लाय ॲश, त्याने काँक्रीट जास्त घट्ट होतं आणि क्लोराइड आत शिरायला वेळ लागतो. पण अशा काँक्रीटला क्युअरिंग जास्त दिवस लागतं आणि वाऱ्याच्या जागी पृष्ठभाग भराभर वाळतो, तेव्हा ओलं गोणपाट आणि त्यावर प्लास्टिक. वाळू आणि पाणी दोन्हीचं क्लोराइड तपासून घ्या.

कुणीतरी इपॉक्सी लावलेली सळई वापरा म्हणून सांगेल. तो थर वाहतुकीत, वाकवताना, व्हायब्रेटर लागून कुठेतरी खरचटतोच आणि मग गंज त्या एका जागी केंद्रित होतो. फ्लोरिडा कीजमधल्या समुद्रातल्या पुलांना 1980 च्या सुमारास अशाच सळया वापरल्या होत्या, दहा वर्षं व्हायच्या आतच खांबांत गंज सापडला. माझं मत, जाड कव्हर आणि घट्ट काँक्रीट यांना पर्याय नाही. स्लॅबच्या अगदी कडेची पट्टी असेल तर तिथे स्टेनलेस सळई टाका, थोडीच लागते.

झरोका
मी आर्किटेक्ट आहे, उतारावरची काही घरं केलीत. सागरवाट, तुमच्या आर्किटेक्टच्या कामावर टीका म्हणून नाही पण तुमच्या आईंची खोली खालच्या मजल्यावर आहे हे वाचून मी थांबले. रस्ता वर आहे ही तुमच्या जागेची मोठी देणगी आहे, गाडीतून उतरून एकही पायरी न उतरता आत येता येईल अशा पातळीवर त्यांची खोली आणि बाथरूम आणा, बाकीच्या दोन बेडरूम खाली जाऊ द्या. शिवाय डोंगराला टेकलेल्या भिंतीच्या खोलीत वॉटरप्रूफिंग कितीही केलं तरी दमटपणा राहतो, वयस्क माणसाला तिथे झोपवू नये. खाली ज्या खोल्या असतील त्यांच्या आणि डोंगराच्या मधे एक बोळ सोडा, मीटरभर रुंद, वरून उजेड आणि वारा येणारा. माती धरणारी भिंत वेगळी आणि घराची भिंत वेगळी. घराच्या भिंतीला कधी लोणा लागणार नाही, पाइप दिसते राहतील आणि समुद्रावरचं वारं खोलीतून आरपार मागे निघेल.

आता काचेबद्दल. पश्चिमेला सपाट छज्जाने ऊन अडत नाही, हे गणित एकदा करून बघाच. सूर्य 60 अंशांवर असताना 2.4 मीटर उंच काच झाकायला 1.4 मीटरचा छज्जा पुरतो. तोच सूर्य 20 अंशांवर आला की 6.6 मीटरचा लागेल. म्हणजे उतरत्या उन्हाला काहीतरी उभंच पाहिजे, सरकती झडप, उभी पाती, आणि ती काचेच्या बाहेर. आतल्या पडद्याने प्रकाश अडतो पण ऊष्णता तोवर काच ओलांडून आत आलेली असते. साध्या एकेरी काचेतून उन्हातली 80 टक्क्यांच्या आसपास ऊष्णता आत येते, चांगल्या लो-ई, म्हणजे ऊष्णता परतवणारा पातळ लेप असलेल्या, दुहेरी काचेने ती पंचवीस-तीस टक्क्यांवर येते, तरी 12 मीटर गुणिले पूर्ण उंची ही फार मोठी भट्टी आहे. आणि समुद्रासमोर खालून, पाण्यावरूनही उजेड परततो, त्याला छज्जा काहीच करू शकत नाही.

यॉर्न उत्झोनने, ज्यांनी सिडनीचं ऑपेरा हाउस डिझाइन केलं, स्वतःसाठी मायोर्का बेटावर कड्यावर कान लिस नावाचं घर बांधलं, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला. एकसंध घर नाही, पिवळसर दगडाचे सुटे सुटे मंडप, प्रत्येक मंडप समुद्राकडे जरा वेगळा कोन करून बसलेला. खिडक्यांचे खण खोल आहेत आणि चौकटी भिंतीच्या बाहेरून बसवल्यात, आत बसलेल्या माणसाला चौकट दिसतच नाही, फक्त दगड आणि समुद्र. इतका विचार करूनही पाण्यावरच्या लखलखाटाचा त्यांच्या डोळ्यांना त्रास झाला आणि 1990 च्या दशकात ते आतल्या बाजूला डोंगरावर दुसरं घर बांधून तिकडे राहायला गेले. आणि तुमची तर एकच भिंत, 12 मीटर, सरळ पश्चिमेला.

सागरवाट
झरोका, आईच्या खोलीचं तुम्ही सांगितलंत ते मला स्वतःला सुचायला हवं होतं. ते बदलणार, नक्की. काचेबद्दल मात्र मन तयार होत नाहीये. समुद्रासाठीच तर ही जागा घेतली, भिंती घातल्या तर मग शहरातल्या फ्लॅटमध्ये आणि यात फरक काय राहिला?

झरोका
तुमची भावना समजते, म्हणून जरा लांब लिहिते. 50 मीटर उंचीवरून क्षितिज साधारण 25 किलोमीटरवर असतं आणि ते दिसतं कुठे, तर बरोबर तुमच्या डोळ्याच्या उंचीला. तुम्ही कुठल्याही मजल्यावर असा, ती रेघ तुमच्याबरोबर वर-खाली होते. बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून 1.1 ते 1.2 मीटरवर, उभ्याचा दीड मीटरच्या वर. तुम्हाला जो समुद्र हवाय तो त्या पट्ट्यात आहे. छतालगतची वरची मीटरभर काच आकाश दाखवते आणि ऊन आत घेते, पायाशी असलेली काच डेकची फरशी दाखवते.

आणि तुमच्या थ्रीडीत डेकच्या रेलिंगची वरची पट्टी 1.1 मीटरवर आहे, म्हणजे सोफ्यावर बसलेल्या तुमच्या आईला क्षितिजाच्या जागी कायम रेलिंगचा पाइप दिसणार. इतकी काच लावून नेमकी तीच रेघ झाकली जातेय. डेक हॉलपेक्षा 45-50 सेंटीमीटर खाली घ्या, तीन उथळ पायऱ्या आणि बाजूने रॅम्प, रेलिंग आपोआप नजरेखाली जातं आणि झडीचं पाणीही उंबऱ्यावरून आत येत नाही. प्रत्येक खोलीत समुद्र वेगळा दिसू द्या, हॉलमध्ये लांब आडवा, जेवणाच्या टेबलापाशी एक बसकी खिडकी, जिन्यात एकच उभी फट. प्लॉटवर एक खुर्ची आणि शिडी घेऊन जा आणि प्रत्येक खोलीच्या जागी, प्रत्येक पातळीवर बसून बघा, सकाळी, दुपारी, मावळताना.

डिझायनर आयलीन ग्रे यांनी 1926 ते 29 मध्ये फ्रान्सच्या रोकब्रूनला समुद्रावरच्या खडकाळ उतारावर ई-1027 हे घर केलं, आर्किटेक्ट जाँ बादोविची यांच्यासाठी आणि त्यांच्याबरोबर. ऊन आणि वारा बघून खोल्या बसवल्या, घर उताराच्या पायऱ्यांवर ठेवलं, सरकत्या झडपा अशा केल्या की ऊन बाहेर आणि वारा आत. आधुनिक म्हणतात ते घर तेव्हाचं आहे आणि त्यातही काच जिथे हवी तिथेच आहे.

निळाई
पूलबद्दल कुणीच चांगलं बोलेना म्हणून लिहिते. आमच्याकडे उतारावर पूल आहे, नऊ वर्षं झाली, एक थेंब गळत नाही आणि घरातली मुलं त्यातच पोहायला शिकली. पण तो भरावावर नाहीये, घराच्या बाजूला पक्क्या खडकात खोदून बसवलाय. कडेवरून पाणी सांडणारा मात्र आम्ही ठरवून टाळला.

मुरूम_माती
निळाई, तुम्ही केलंत ते अगदी योग्य, खडकातला पूल हा वेगळाच विषय. सागरवाट यांचा पूल कडेला आहे. 8 बाय 4 चा, 1.4 खोल धरला तर 45 टन नुसतं पाणी, टाकीचं काँक्रीट वेगळं. आणि वजनापेक्षा मला गळतीची भीती जास्त, दिसणारही नाही इतकं पाणी रोज जमिनीत जात राहिलं तर उतारावर कायमचा पाऊस पडल्यासारखं. इन्फिनिटी पूलची सांडणारी कड काही मिलिमीटरच्या आत समपातळीत राहावी लागते, भरावावर जरा खचलं की एकाच कोपऱ्यातून पाणी पडायला लागतं. समोरून वारा असला की सांडणाऱ्या पाण्याचा पडदा फाटून ते उडतं, सारखं भरावं लागतं. सेप्टिकच्या शोषखड्ड्याचंही तेच, तो घराच्या वर किंवा लगतच्या उतारात नको, प्रक्रिया केलेलं पाणी बंद पाइपने सुरक्षित जागी न्या.

खारा_वारा
वाऱ्याचं एक राहिलं. आर्किटेक्टला विचारा काच किती वाऱ्याला डिझाइन केलीय आणि त्यात डोंगराचा परिणाम धरलाय का. वारा उतार चढताना दाबला जातो आणि कड्याच्या माथ्याशी वेगाने सुटतो, सपाटीवरचा आकडा तिथे चालत नाही. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी 144 किलोमीटर वाऱ्याला दर चौरस मीटरला साधारण 100 किलो, म्हणजे तुमच्या 3 बाय 2.7 च्या एका तावदानावर 800 किलो. लॅमिनेटेड काच घ्या, फुटली तरी जागेवर धरून राहते, नुसती टफन्ड एकदम भुगा होऊन खाली येते.

वादळात पाऊस वरून पडत नाही, खालून वर चढतो, छज्जाच्या पोटात, खिडकीच्या खालच्या फटीत. स्लायडिंगच्या रुळाला बाहेर पडणारं ड्रेन आणि उंबरठ्याला उंची, दोन्ही नसेल तर पुसत बसावं लागतं, पहिली दोन वर्षं आम्ही तेच केलं, रात्र रात्र.

झरोका
म्हणूनच लांब बाहेर आलेल्या छज्जांबद्दलही जपून. कॅलिफोर्नियात सी रँच या समुद्रकाठच्या वसाहतीत 1960 च्या दशकात जी घरं झाली त्यांना वळचण जवळजवळ नाहीच, वाऱ्याला धरायला कड नको म्हणून, आणि छपरं वाऱ्याच्या दिशेने उतरती, वारा घरावरून सरकून जावा अशी. लँडस्केप आर्किटेक्ट लॉरेन्स हॅलप्रिन यांनी आधी तिथला वारा आणि सायप्रसच्या जुन्या रांगा यांचा अभ्यास केला आणि मग घरं त्या रांगांच्या आडोशाला गेली. सागरवाट, समुद्राकडच्या डेकवर जोराच्या वाऱ्यात बसता येत नाही, म्हणून घराच्या मागे, त्या बोळाच्या टोकाशी एक छोटं निवाऱ्याचं अंगण करा. वापर त्याचाच जास्त होईल, माझ्या प्रत्येक घरात तसंच झालंय.

शांत_वाचक
प्रश्न. उतारावर वाळा लावला तर माती धरून ठेवतो म्हणतात, मग एवढ्या भिंती लागतील का?

मुरूम_माती
वाळा जरूर लावा, मुळं 3-4 मीटरपर्यंत सरळ खाली जातात, वरची माती धुपत नाही, उथळ घसरण थांबते. खोलवर, खडकाच्या वेशीवर जी सरकते तिला वाळ्याची मुळं पुरत नाहीत. दोन्ही वेगवेगळी कामं आहेत. आहेत ती झाडं मात्र तोडू नका, मुळं कुजली की दोन-तीन वर्षांनी तिथली माती सुटते, तोवर झाड तोडल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं.

सागरवाट
मंडळी, सात आठवड्यांनी येतोय, माफ करा, पण सांगण्यासारखं आहे.

दोन बोअर अजून घेतले. वर रस्त्याजवळ खडक 2 मीटरवर होता, मधे 4 वर, आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे वाकलेली झाडं आहेत, तिथे 9 मीटरपर्यंत मुरूम आणि चिकणमातीच. पूल नेमका तिथे काढलेला होता.

मग परवा मोठा पाऊस लागला तेव्हा मी रेनकोट घालून सकाळी आठपासून चारपर्यंत प्लॉटवरच थांबलो. पहिले दोन-तीन तास काहीच विशेष नाही, रस्त्यावरून थोडं वाहत आलं तेवढंच. साडेअकराच्या सुमारास, थ्रीडीत जिथे आईची खोली होती त्या जागी, उताराच्या कुशीतून पाणी यायला लागलं. वरून वाहत नव्हतं, जमिनीतूनच येत होतं, बोटभर, स्वच्छ, गार. पाऊस दोन वाजता थांबला आणि ते चार वाजतासुद्धा तसंच येत होतं. तिथे मी खुंटी ठोकून आलो. घरी येऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, अरे मग त्याची वाट आपण कशाला अडवायची.

आता घर 11 मीटर उत्तरेला सरकवलंय, तिथे खडक उथळ आहे. लांबी कमी झाली, काच 12 वरून साडेसहा मीटर, बाहेर सरकत्या झडपा, आईची खोली रस्त्याच्या पातळीला, खाली दोनच बेडरूम आणि मागे बोळ. पूल काढून टाकला. डेक तीन पायऱ्या खाली, त्याच्या पोटात उभं राहून धुता येईल इतकी जागा. नव्या जागी खुर्ची टाकून बसून बघितलं, रेघ सरळ समोर येते. आर्किटेक्टना सुरुवातीला वाईट वाटलं पण पाण्याचा व्हिडिओ बघितल्यावर त्यांनीच रात्री बसून नवा सेक्शन काढला.

एकच विचारायचंय, त्या झऱ्याचं काय करू? पाइपात घालून खाली नेऊ की तसाच सोडू?

ओळंबा
पाइपात घालू नका, पाइप आत बुजला तर कळणार नाही. उगमाशी खडी आणि कापड घालून तोंड पक्कं करा आणि पुढे दगडी पिचिंगची, म्हणजे दगड बसवून घेतलेली, उघडी चर, उताराला टप्पे देऊन, खाली खडकापर्यंत, म्हणजे पाणी कमी-जास्त झालं, गढूळ झालं तर डोळ्याला दिसेल. स्वच्छ येतंय तोवर ठीक, गढूळ यायला लागलं तर आतली माती वाहतेय, त्या दिवशी मुरूम_माती यांना फोटो पाठवा. खुंटीपाशी एक डबा लावून भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवायला आत्तापासूनच लागा, बांधकामाच्या आधीचा आकडा नंतर मिळत नाही. आणि वरची आडवी चर पाया खणायच्या आधी.

सागरवाट
डबा उद्याच लावतो. वही आईकडे दिलीय.